विचारा, सांगतो : टीव्हीवरची उद्योग-तंत्रज्ञानाची बातमीदारी

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी वृत्तवाहिनीवर उद्योग आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या द्यायच्या आहेत. सुरुवात नागपुरातून जमेल की थेट मुंबईच गाठू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुंबई कधीतरी गाठावी लागेलच, शेअर बाजार, रिझर्व्ह बँक, बाजाराची नियामक सेबी सगळं तिथेच. पण हात इथेही बसतो. मॉइल या मँगनीज खाण कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. (वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सचा, शेअर शोधू नका, ती कोल इंडियाची उपकंपनी.) तिमाही संपल्यावर अशा कंपनीला ४५ दिवसांत आर्थिक निकाल द्यावा लागतो, वार्षिक निकालाला ६० दिवस. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर पीडीएफ आली की घड्याळ लावून वीस मिनिटांत बातमी लिहा.

आधी तक्त्याच्या डोक्यावरचं एकक बघा : लाख, कोटी की मिलियन? १० मिलियन म्हणजे १ कोटी; इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकलं. मग स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आणि कॉन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह) आकडे एकमेकांत मिसळू नका. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. पावसाळ्यात खुल्या खाणींचं काम मंदावतं, त्यामुळे जुलै-सप्टेंबरची एप्रिल-जूनशी तुलना फसवी ठरते. नफा वाढलेला दिसला की ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ तपासा. जमीन विकून आलेला पैसा म्हणजे धंदा वाढला असं नव्हे.

टक्क्यांत तर मुरलेलेही घसरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आला. ही कपात २५ बेसिस पॉइंटची, म्हणजे पाव टक्क्याची. ‘२५ टक्के कपात’ म्हणालात तर दर ४.८८ च्या आसपास गेला असा अर्थ होतो.

पॅकेज, म्हणजे जोडून तयार केलेली पूर्ण बातमी, ९० सेकंदांचं धरा. १२ सेकंदांच्या दोन बाइट (मुलाखतीतले तुकडे) आणि १५ सेकंदांची पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून तुम्ही बोलता ती) गेली की व्हीओला (दृश्यांवरच्या निवेदनाला) ५१ सेकंद उरतात, म्हणजे जेमतेम शंभर शब्द. एका वाक्यात एकच आकडा. बोलताना ‘जवळपास अडीचशे कोटी’, नेमके २४८.६ कोटी ग्राफिक्सवर.

नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात अमुक कंपनी येणार ही बातमी आली की विचारा : सामंजस्य करारच झालाय, की जमीन वाटप झालं, पैसे भरले, कुंपण पडलं? करारावर ‘गुंतवणूक आली’ म्हणणं हा या बीटचा जुना रोग. नव्या फोनचा ‘मराठी कळतं’ हा दावाही स्वतः बोलून बघितल्याशिवाय सांगू नका, आणि कंपनीने तयार केलेल्या डेमोवर नको. तुमच्या घरी बोलता ती मराठी बोला.

शेअर घ्या-विका असा सल्ला कॅमेऱ्यासमोर देऊ नका. त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. ज्या कंपनीची बातमी करता तिच्या शेअरचे व्यवहारही टाळाच.

प्रश्न : लाइव्ह देताना कानात माझाच आवाज उशिरा येतो आणि मी अडखळते. काय करू?
– एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : दोष तुमचा नाही. पीसीआरकडून (वाहिनीच्या नियंत्रण कक्षाकडून) तुमचाच आवाज परत येतोय. लाइव्ह जाण्याआधी ‘क्लीन फीड द्या, माझा आवाज काढा’ असं सांगा आणि एक ते दहा मोजून खात्री करा. ऐनवेळी झालंच तर इअरपीस काढून वाक्य संपवा, मग परत लावा. सिमवर चालणाऱ्या लाइव्ह बॅगेत (थेट चित्र पाठवणाऱ्या यंत्रात) वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. गर्दीत कुठल्यातरी एका कंपनीचं नेटवर्क आधी मान टाकतं.