दरबारानं लिहिलेला इतिहास किती खरा?

प्रश्न : जपानच्या 'निहोन शोकी' या ग्रंथात पहिला सम्राट जिम्मू इ.स.पू. ६६० मध्ये गादीवर बसला असं आहे. अभ्यासक त्याला दंतकथा म्हणतात. मग सर, अशा ग्रंथाला इतिहासाचं साधन का मानायचं?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : जिम्मूची तारीख सोडून द्या, ताई. तिच्यावर वाद घालण्यात हशील नाही. (जपान सरकारनं मात्र १९४० साली तिच्यावरून राज्याची २६०० वर्षं साजरी केली. महायुद्धातल्या 'झिरो' विमानाचं नावही त्याच २६०० च्या शेवटच्या शून्यावरून पडलं.)

ग्रंथ पुरा झाला ७२० साली. तीस खंड, भाषा अभिजात चिनी, संपादनाचा प्रमुख राजपुत्र तोनेरी. हा तोनेरी कोण? सम्राट तेम्मूचा मुलगा. तेम्मूनं ६७२ मध्ये पुतण्याशी लढून गादी मिळवली आणि ६८१ मध्ये इतिहास नीट लिहून काढायचा हुकूम सोडला. अठ्ठाविसावा अख्खा खंड त्या एका लढाईचा. बापाची लढाई मुलाच्या देखरेखीखाली लिहिली गेली. पुतण्याची बाजू त्यात शोधत बसू नका.

लबाडी पकडली कशी जाते, तेही बघा. ६४६ च्या राज्यकारभारातल्या सुधारणांचा हुकूम या ग्रंथात जसाच्या तसा उतरवल्यासारखा दिसतो. पण फुजिवारा या जुन्या राजधानीच्या मातीतून मालाला बांधायच्या लाकडी चिठ्ठ्या निघाल्या. ६९९ च्या चिठ्ठीवर 'जिल्हा' या शब्दासाठी हुकमातल्यापेक्षा वेगळंच चिनी अक्षर आहे. हुकमातलं अक्षर चालू झालं ७०१ च्या कायद्यानं! म्हणजे संपादकांनी जुन्या हुकमाला नव्या कायद्याचा पोशाख चढवला, आणि कुणा कारकुनाच्या चिठ्ठीनं तो उतरवला.

तरी ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. देवांच्या कथा सांगताना 'एका ग्रंथात असं आहे' म्हणत तो वेगळे पाठही देतो. दरबारी लेखनात एवढा मोकळेपणा मला क्वचितच दिसलाय. कोरियातल्या पेकचे राज्याच्या हरवलेल्या नोंदींचे उतारेही त्यात टिकलेत.

आपल्या हेमाद्रीची राजप्रशस्ती, म्हणजे देवगिरीच्या यादव राजांची स्तुती, घ्या. यादवांचाच मंत्री, तेव्हा वंश थेट चंद्रापासून. म्हणून कुणी ती फेकली नाही. पुढचे राजे शिलालेखांशी ताडून घेतले. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे लेख तर तुमच्याच गावात आहेत, पाहून या.

'निहोन शोकी' वाचायचा असेल तर ॲस्टनचं १८९६ चं इंग्रजी भाषांतर आहे. पहिल्या खंडापासून मात्र सुरू करू नका, देवांच्या नावांतच दमाल. सरळ अठ्ठाविसावा उघडा.