फी तुमची एकदा भरून झालीय

प्रश्न: वय ३८, नोकरी करतो. दीड वर्षापूर्वी फोटोग्राफीचा नाद लागला. आता एक ऑनलाइन कोर्स घ्यायचा विचार आहे. रेकॉर्डेड व्हिडिओ, लाइफटाइम ॲक्सेस, शेवटी प्रमाणपत्र. एकरकमी फी भरली तर १० टक्के सूट, नाहीतर १२ बिनव्याजी हप्ते. कोर्सवाले म्हणतात, स्टॉक साइटवर फोटो विकून सहा महिन्यांत फी वसूल होते. कॅमेरा आणि दोन लेन्स क्रेडिट कार्डावर घेतल्या. १४ महिने मिनिमम ड्यू भरतोय, एकदाही उशीर नाही. व्याज महिन्याला ३ टक्के लागतं. ७ टक्क्यांची एफडी आहे, पण ती अडीअडचणीसाठी, तिला हात लावत नाही. कोर्स घ्यावा का? आकडे छापू नयेत. सोबत एक फोटो जोडला आहे.

उत्तर: आकडे छापत नाही. तुमचा हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात सांगतो. कॅमेरा-लेन्स १८०, एफडी १५०, कोर्स ६०.

विचारलंत कोर्सबद्दल, पण मी अडकलो ते ‘एकदाही उशीर नाही’ या वाक्यावर. ते तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मिनिमम ड्यू म्हणजे थकबाकीचा साधारण ५ टक्के भाग. पहिल्या महिन्यात तुम्ही ९ भरले, त्यातले जवळपास साडेपाच व्याजात गेले. असं १४ महिने. ढोबळ हिशेब करतो: आजवर ११३ भरले आणि १८० वरून उतरून थकबाकी आली १३३ वर. म्हणजे मुद्दल फिटलं ४७, व्याज गेलं ६६. कर आणि इतर आकार धरलेलेच नाहीत. कोर्सची फी ६०. ती तुम्ही बँकेला कधीच भरून बसलात, तीही एकसुद्धा धडा न घेता.

महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जातं. आणि शेजारी ७ टक्क्यांची एफडी, तिला हात लावायचा नाही! अडचण आली तर, म्हणून ती ठेवलीय ना? अहो, अडचण आलेली आहे. १४ महिन्यांपासून घरात बसलीय.

अजून एक. कार्डावर थकबाकी पुढे ओढत राहिलं की नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या कार्डावर भरलेल्या मोबाइलच्या बिलालासुद्धा खर्च केल्या दिवसापासून व्याज लागतं. हे तुम्हाला कार्ड देताना कुणी सांगितलं नसणार. ‘मिनिमम भरलं तरी चालतं’ एवढं मात्र आवर्जून सांगितलं असेल.

तेव्हा एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल टक्काभर व्याज कमी मिळेल, मिळू दे. १३३ भरून कार्ड शून्यावर आणा, १७ उरतील. मग मिनिमम ड्यूचे सध्याचे ७ आणि कोर्सच्या हप्त्याचे जे ५ तुम्ही काढणारच होतात, असे १२ दर महिन्याला ठेवीत टाका. वर्षाच्या आत ठेव पुन्हा १५० च्या आसपास येते. मधल्या काळात खरंच काही अंगावर आलं, तर रिकामं झालेलं कार्ड आहेच. तेव्हा ते नाइलाजाने वापरावं लागेल, पण आज काहीही झालेलं नसताना तुम्ही तेच करताय. दुसरी लेन्स पडून असेल तर विकून टाका.

आता कोर्स. ‘बिनव्याजी’ हप्त्यांचं आधी बघू. एकरकमी ५४, हप्त्यांनी ६०. वरचे ६ हे व्याजच, फक्त नाव वेगळं. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं हे धरलं तर व्याजाचा दर वर्षाला २० टक्क्यांच्या घरात पडतो.

फोटो विकून वसुली? शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या साइटने २०२० मध्ये फोटोग्राफरचा वाटा १५ ते ४० टक्के असा पायऱ्यांनी बांधला आणि एका डाउनलोडमागे किमान १० सेंट ठेवले. वर दर जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. किमान दराने हजार डाउनलोड झाले तर १०० डॉलर. हौशी माणसाचे हजार डाउनलोड सहा महिन्यांत होतात असं ज्याला वाटतं, त्याने कोर्स विकावा, घेऊ नये.

शिकण्यासाठी म्हणाल, तर नुसते व्हिडिओ विकत घ्यायची गरज मला दिसत नाही. मार्क लेव्हॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची १८ व्याख्यानं २०१६ पासून फुकट उपलब्ध आहेत. हा माणूस स्टॅनफर्डला शिकवायचा, पुढे गूगलच्या पिक्सेल फोनचा कॅमेरा घडवण्यात त्याचा मोठा हात होता. पैसे भरले की माणूस नेटाने शिकतो, हा युक्तिवाद मात्र अगदीच खोटा नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा २०१७-१८ चा हिशेब प्रसिद्ध आहे: एकूण नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला, प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांनी. फरक आहेच. पण पैसे भरूनही निम्म्याहून जास्त लोकांनी अर्ध्यावर सोडलं, हेही त्याच आकड्यात आहे. लाइफटाइम ॲक्सेसचा उपयोग म्हणजे ‘उद्या बघू’ आयुष्यभर म्हणता येतं.

पैसे मोजण्यासारखी गोष्ट एकच: तुमचे फोटो कुणी जाणकार बघून चूक दाखवणार असेल, ठरावीक तारखेला गृहपाठ मागणार असेल, तर. तुमच्या कोर्सच्या यादीत ते कुठेच नाही. प्रमाणपत्र मात्र आहे. हौशी माणसाने ते कुणाला दाखवायचं?

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. खिडकीत बसलेली आजी, मागे लख्ख उजेड आणि चेहरा काळवंडलेला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असल्याचं धरून चालतो. खिडकीचा उजेड दिसला की तो फोटो गडद करतो, त्यात आजी बुडते. कॅमेऱ्यावर ± असं चिन्ह असलेलं बटण किंवा चकती असेल, ती +१ वर न्या, भागलं नाही तर +२. खिडकी पांढरीफक होईल, होऊ दे, फोटो आजीचा आहे. हे कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माझी स्वतःची पुस्तिका तीन वर्षं प्लास्टिकमधून बाहेर आली नव्हती, म्हणून तुम्हाला फार बोलत नाही.

एफडी या आठवड्यात मोडा. कार्डाचं शून्य थकबाकीचं स्टेटमेंट आलं की मला कळवा, आणि आजींचा दुसरा फोटो जोडा.