अणुऊर्जेची प्रचारपत्रकं कशी वाचावीत?

प्रश्न : ‘कार्बनमुक्त’, ‘स्वस्त’, ‘केळं खाण्याइतकाच किरणोत्सर्ग’. अणुऊर्जेच्या पत्रकांतल्या या दाव्यांत तथ्य किती?

उत्तर : केळ्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. केळ्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग किरणोत्सर्गी असतो. एका केळ्यातून सुमारे ०.१ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मात्रा मिळते, हा आकडा बरोबर आहे. पण शरीर पोटॅशियमचं प्रमाण कायम राखतं आणि जादाचं लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे साठा वाढत नाही. अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडणारं किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ मात्र थायरॉइडमध्ये साठतं. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ) ८ दिवसांचं, तर अशाच अपघातात बाहेर पडणाऱ्या सीझियम-१३७चं ३० वर्षांचं. म्हणून तुलना दिसली की तीन गोष्टी विचारा : कोणतं समस्थानिक (म्हणजे मूलद्रव्याचा कोणता प्रकार, जसं आयोडीन-१३१), कोणत्या अवयवाला, किती काळ? नुसते बेकरेल (दर सेकंदाला किती अणूंचं विघटन होतं याचं माप) दिले असतील तर त्यावरून शरीराला मिळणारी मात्रा कळत नाही.

‘कार्बनमुक्त’ हे वीज निर्माण होत असतानापुरतं खरं. खाणकाम, सिमेंट, इंधननिर्मिती धरली तरी उत्सर्जन कोळशाच्या मानाने फारच कमी असतं. ही अणुऊर्जेची खरी जमेची बाजू आहे. ती फुगवून सांगायची गरजच काय?

‘स्वस्त’बद्दल सावध राहा. १९५४मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस म्हणाले होते, पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटरने मोजायचीही गरज उरणार नाही. तसं झालं नाही. इंधन स्वस्त असतं. खर्च बांधकामाचा आणि रखडलेल्या वर्षांतल्या व्याजाचा. पत्रकातल्या किमतीत व्याज आणि अणुभट्टी मोडीत काढण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी मागा.