घरी बांधलेला ट्यूब गिटार ॲम्प पहिल्यांदा सुरू करायला व्हेरिॲक पुरेसा आहे का? आणि बायस किती ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन ६एल६जीसी पॉवर ट्यूबचा फिक्स्ड बायसचा (ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, वेगळ्या पुरवठ्यातून उणे व्होल्टेज देणारा) ॲम्प बांधून तयार आहे, मित्राने व्हेरिॲक (मूठ फिरवून मेन्सचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) दिलाय, सगळ्या ट्यूब लावून हळूहळू व्होल्टेज चढवला की पुरे ना? आणि बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, किती मिलीअँपिअर?

नाही, पुरे नाही. बायसचं पुढे सांगतो, पण आधी या हळूहळू चढवण्याबद्दल बोलू दे. आमच्या घरात त्यावरून वर्षानुवर्षं वाद पेटलेला आहे आणि समोरची बाजू साधीसुधी नाही, माझे मामा आहेत.

मामांची उभी हयात व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्यूबचेच, रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. स्पीकरमधली घरघर ऐकून सांगतात: १०० हर्ट्झची असेल तर फिल्टरचा कंडेन्सर, ५० हर्ट्झची असेल तर हीटरची वायर ग्रिडजवळून गेलीय. मीटर लावायच्या आत सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नाही. त्यांचं तत्त्व एकच: नवं यंत्र असो की जुनं, व्हेरिॲकवर लावा, हळूहळू चढवा, धूर येतोय का बघा.

आमच्या बँडमधल्या गिटारवाल्याने ॲम्प बांधला होता, साधारण तुमच्यासारखाच. फेंडर कंपनीच्या ब्लॅकफेस काळातल्या (१९६० च्या दशकातल्या) धाटणीचं सर्किट, दोन ६एल६जीसी, डायोडचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), बायस कमी-जास्त करायला पॉट. काम दृष्ट लागण्यासारखं नेटकं, वायरी अगदी काटकोनात. पहिल्यांदा सुरू करताना मामा हवेतच असा त्याचा हट्ट. मी सिरीज बोर्ड घेऊन गेलो होतो, म्हणजे फेजच्या वायरीत १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब. मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ते दिवेबिवे ठेव बाजूला. व्हेरिॲक असताना कशाला पाहिजेत?” मी म्हटलं, “मामा, निदान पॉवर ट्यूब काढून एकदा व्होल्टेज तरी बघू.” तर म्हणे, “लोड नसताना मोजलेल्या व्होल्टेजला काय अर्थ आहे?” आता मामांना कोण अडवणार! स्पीकर जोडला, सगळ्या ट्यूब बसवल्या, व्हेरिॲक शून्यावर.

निम्म्यापर्यंत काहीच नाही. पाऊण झालं, तरी काही नाही. मामांची नजर ट्रान्सफॉर्मरवर आणि नाक धुरावर. मी मात्र खोलीतला दिवा मालवून ट्यूबकडे बघत बसलो होतो. पूर्ण व्होल्टेज जवळ आला आणि उजव्या ६एल६च्या करड्या प्लेटवर, म्हणजे करंट गोळा करणाऱ्या बाहेरच्या पत्र्यावर, मधोमध लालसर ठिपका उमटला, बघता बघता पसरायला लागला. “मामा, बंद करा!” म्हटल्यावर त्यांनी काय करावं? व्हेरिॲकची मूठ उलटी फिरवायला घेतली, तीसुद्धा हळूहळू. मी सरळ प्लग उपसला.

मामांचा निकाल तयार होता, “व्हॉल्व्ह खराब आहे.” कंडेन्सर रिकामे करून त्यांनी दोन्ही ट्यूबची अदलाबदल केली आणि पुन्हा चढवलं. पुन्हा उजव्याच सॉकेटमधली ट्यूब लाल, आणि आता तिथे मघाची चांगली ट्यूब होती. म्हणजे दोष सॉकेटचा. मग कुठे माझ्या बोर्डाचा नंबर लागला. दोन्ही पॉवर ट्यूब बाहेर, बल्ब सिरीजमध्ये, मीटर पिन ५ वर, म्हणजे ग्रिडवर. डावीकडे उणे ५० च्या घरात, उजवीकडे जवळजवळ शून्य. बायस ग्रिडपर्यंत नेणाऱ्या २२० किलोओहमच्या रेझिस्टरचा एक सांधा वरून चकचकीत आणि आतून कोरडा होता, सोल्डरने तार पकडलीच नव्हती. ग्रिडला उणे व्होल्टेज नाही म्हटल्यावर ट्यूबला आवरणार कोण?

हा दोष रिकाम्या सॉकेटवर पहिल्या पाच मिनिटांत सापडला असता, एकही ट्यूब तापवायची गरज नव्हती. पण मामांचं आजही म्हणणं असं, की व्हेरिॲक होता म्हणूनच व्हॉल्व्ह वाचला. माझं म्हणणं, प्लग उपसला म्हणून वाचला.

भावना बाजूला ठेवून बघा. व्हेरिॲक फक्त व्होल्टेज कमी देतो, करंट रोखत नाही. मूठ वर गेली की दोषासकट सगळं पूर्ण ताकदीने चालतं. सिरीजमध्ये अँपिअरमीटर नसेल तर चढवताना काय बिघडतंय हे कळतही नाही. शिवाय मेन्सपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर त्यात नसतो, एकच गुंडाळी असते. ‘व्हेरिॲकवर आहे म्हणून हात लावला तरी चालतो’ असं मानणारे आहेत, म्हणून सांगितलं. फ्यूजचंही तेच. लाल झालेली ट्यूब ४५० व्होल्टवर १५० मिलीअँपिअर जास्तीचे खेचत असली तरी ते साधारण ६७ वॉट होतात. २३० व्होल्टच्या बाजूला ते पाव अँपिअरहून थोडंसंच जास्त. दोन अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही नाही. ट्यूब मरते, पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि फ्यूज शाबूत. बल्बचं काम वेगळं आहे. आत थेट शॉर्ट असला तरी १०० वॉटच्या बल्बमधून २३० व्होल्टला अर्धा अँपिअरही पुढे जात नाही, आणि काहीतरी चुकलंय हे तो स्वतः पेटून सांगतो. एलईडीचा दिवा इथे कामाचा नाही, फिलामेंटचाच हवा.

आता तुमच्या ॲम्पकडे. अर्थिंग चॅसिसला बोल्टने घट्ट आहे आणि फ्यूज फेजमध्ये आहे हे मी धरून चालतो. एकही ट्यूब न लावता, बल्ब सिरीजमध्ये ठेवून चालू करा. कंडेन्सर भरताना बल्ब एकदा लख्ख होतो आणि लगेच मंदावतो, तसं झालं तर ठीक. पेटलेलाच राहिला तर बंद करा आणि डायोडची दिशा, मोठ्या कंडेन्सरची दिशा, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपची जोडणी बघा. बायस पुरवठ्यातल्या कंडेन्सरकडे खास लक्ष द्या, कारण तिथे व्होल्टेज उणे असतो आणि कंडेन्सरचं अधिक टोक चॅसिसकडे जातं. हात सवयीने उलटा लावतो. उलटा लागला तर तो गळतो, बायस कोसळतो आणि दोन्ही ट्यूब मिळून लाल होतात.

मग मोजा. हीटर, दोन्ही सॉकेटची पिन ३ (प्लेट), पिन ४ (स्क्रीन, म्हणजे दुसरी जाळी), आणि मुख्य म्हणजे पिन ५ (ग्रिड). दोन्हीकडे उणे व्होल्टेज जवळजवळ सारखा हवा आणि पॉट फिरवल्यावर दोन्हीकडे बदलायला हवा. पॉट सर्वात जास्त उणे येईल तिथे ठेवा. पिन ३ वर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज दिसला तर घाबरू नका. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या ३२५-०-३२५ व्होल्टच्या सेकंडरीवर (ॲम्पकडच्या गुंडाळीवर) शिखर ४६० व्होल्टचं असतं आणि लोड नसताना ते आणखी वर जातं. म्हणूनच तिथे एकटा ४५० व्होल्टचा कंडेन्सर चालत नाही. लोडशिवायच्या मोजणीला काय अर्थ, याचं हे एक उत्तर आहे, आणि ते मी मामांना पुन्हा पुन्हा दिलंय.

हे सगळं जुळलं की ट्यूब लावा, स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर आउटपुटला जोडा (तुमचा टॅप असेल त्या ओहमचा), आणि बल्बवरच पुन्हा चालू करा. लोडशिवाय ट्यूब ॲम्पवर सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू शकते, मग नवाच घ्यावा लागतो. या वेळी बल्ब थोडा पेटता राहणारच, कारण दोन ६एल६जीसीचे हीटर प्रत्येकी ०.९ अँपिअरचे आणि प्रत्येक १२एएक्स७ या प्रीॲम्प ट्यूबचा ०.३ अँपिअरचा. चार प्रीॲम्प ट्यूब धरल्या तर ६.३ व्होल्टवर १९ वॉट नुसत्या हीटरचे झाले. म्हणून ६० वॉटचा बल्ब इथे तोकडा पडतो. प्लेटवर लाली नाही, बल्ब मंदच राहिला, तर बोर्ड काढून सरळ मेन्सवर या. बल्ब असताना बायस लावत बसू नका, सगळे व्होल्टेज खाली दबलेले असतात.

बायस. ६एल६जीसीच्या प्लेटची मर्यादा ३० वॉट. फिक्स्ड बायसच्या पुश-पुलमध्ये (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात अशा जोडणीत) लोक ७० टक्के म्हणतात, म्हणजे २१ वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला साधारण ४६ मिलीअँपिअर. माझ्या मते ७० टक्के ही वरची हद्द आहे, गाठायचं ठिकाण नव्हे. मी ६० टक्क्यांवर थांबतो, म्हणजे ४० मिलीअँपिअर, आणि वाजवून बघतो. त्या गिटारवाल्याला ‘गरम’ बायसच हवा असायचा, कानाने लावतो म्हणायचा. कानाला प्लेटचे वॉट ऐकू येत नाहीत, हे त्याच्या ट्यूब लवकर दमायला लागल्यावर त्याच्याही लक्षात आलं. उलट टोकाला, फारच थंड ठेवलात तर हळू वाजवताना आवाजात खरखरीत तुटकपणा येतो. या दोन्हींच्या मध्ये खूप मोकळी जागा आहे.

मोजायला प्रत्येक कॅथोड, म्हणजे पिन ८, आणि चॅसिस यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवा. जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर. त्यात स्क्रीनचा करंटही मोजला जातो, म्हणजे प्लेटचा खरा करंट दिसतो त्याहून थोडा कमी, आणि ही चूक सुरक्षित बाजूला आहे. पॉट फिरवलं की प्लेटचा व्होल्टेजही हलतो, म्हणून दोन्ही परत मोजून परत भागाकार करा. मीटर प्लेटला लावून थेट करंट मोजायची जुनी रीत आहे, मामांची तीच. प्रोब घसरला तर साडेचारशे व्होल्ट कुठे जातील ते सांगता येत नाही, आणि १ ओहमचा रेझिस्टर असताना तो धोका कशाला पत्करायचा?

आणि हो, घरात ईएलसीबी (करंटची गळती दिसली की मेन्स तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त असाल तर तसे राहू नका. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं सर्किट मेन्सपासून वेगळं आहे. तिथला शॉक तुमच्यातून जाऊन त्याच सेकंडरीत परत येतो, ईएलसीबीला मेन्सच्या बाजूला काहीच फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टला १० जूल धरून बसतो, तेही प्लग काढल्यावर. २२० किलोओहमचा ब्लीडर (कंडेन्सर आपोआप रिकामा करणारा रेझिस्टर) असेल तर कंडेन्सर रिकामा व्हायला पावणेदोन मिनिटं तरी द्या, मग मीटरने खात्री करा, आणि मगच आत हात घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याचा प्रकार नको. मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला आधीच लावून ठेवा, लाल प्रोब एका हाताने, दुसरा हात खिशात. प्रोब १००० व्होल्टला चालणारे हवेत.

वरचं गणित ६एल६जीसीचं आहे. ईएल३४ ही दुसरी पॉवर ट्यूब असती तर मर्यादा २५ वॉट, आणि तिची पिन १ वेगळी असते, ती पिन ८ ला जोडावी लागते. कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरमधून बायस मिळवणाऱ्या) ॲम्पला ७० टक्क्यांचा नियम लावू नका, ते मुळातच मर्यादेच्या बरेच जवळ चालतात. आणि मामांना न्याय द्यायचा तर वर्षानुवर्षं बंद पडून असलेल्या जुन्या ॲम्पचे कंडेन्सर जागे करायला व्हेरिॲक खरंच उपयोगी आहे, डायोडचा रेक्टिफायर असेल तर. जीझेड३४ ही रेक्टिफायर ट्यूब असेल तर तिचा ५ व्होल्टचा हीटरच कमी व्होल्टेजवर तापत नाही. खाली काहीच येत नाही आणि मग वर बरंच काही एकदम येतं. तुमचा ॲम्प नवा, तुमचे कंडेन्सर नवे. व्हेरिॲक मित्राला परत दिलात तरी चालेल.

पहिल्यांदा चालू केल्यावर ॲम्प जोरात केकाटायला लागला तर बायसशी खेळू नका. फीडबॅक (आउटपुटमधून परत मागे नेलेला सिग्नल) बहुतेक उलटा झालेला असतो. बंद करा, कंडेन्सर रिकामे करा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन वायरी आपसात बदला. आधी रिकाम्या सॉकेटचे पिन ३ आणि पिन ५ चे आकडे कळवा, दोन्ही बाजूंचे, मग तुमच्या मिलीअँपिअरचा नेमका आकडा काढून देतो.