पाचवी ग्रेड राहू द्या, आधी मनगट बघा

वर्षभरात ड्रम्सच्या परीक्षेची पाचवी ग्रेड कशी काढायची, असं तुम्ही विचारलंय. पण पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो: ‘मनगट दुखतं म्हणतो, तरी मी उठू देत नाही.’ मुलगा चौदा वर्षांचा, शिकायला लागून सहा महिने झालेले, आणि रोज संध्याकाळी तुम्ही समोर बसून त्याचा वेग वहीत टिपता. हे आजच बंद करा. दुखतं म्हणाला की काठ्या खाली. काही दिवस पूर्ण विश्रांती द्या. तरीही दुखत राहिलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा. वडील वही घेऊन समोर बसले की मुलाची मूठ आवळते. आवळलेल्या मुठीत काठी उसळत नाही, मग प्रत्येक ठोका मनगटाच्या जोरावर मारावा लागतो. दुखणं तिथूनच येतं.

वेग वाढला म्हणजे प्रगती झाली, हा समज डोक्यातून काढा. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनीत धरायची, बाकीची बोटं सैल. पॅडवर, म्हणजे सरावाच्या रबरी गादीवर, पडली की तिनं आपसूक वर यायला हवं. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून त्याच्या एका टिकेला काठीचे दोन ठोके, उजवा-डावा, पाच मिनिटं. दोन्ही हातांचा आवाज सारखा येईपर्यंत वेग वाढवायचा नाही, आणि वाढवला तर चारनेच. ६० वर वाजवणं सोपं वाटतं, पण ठोक्यांमधलं अंतर मोठं असल्यानं घाई लगेच उघडी पडते. १२० वर ती लपते.

ड्रम्सचे सर त्याला अजून पॅडवरच बसवतात, ड्रम सेटवर नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. सहा महिन्यांत एक साधा ठेका यायलाच हवा: चार मात्रांत हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) आठ सारखे ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम). नवशिक्यांचा पाय हाताच्या मागे धावतो आणि प्रत्येक ठोक्याला किक पडते. म्हणून आधी फक्त दोन हात बसवायचे, पाय नंतर. सरांशी हे मोकळेपणानं बोला, मुलासमोर नको.

बंद खोलीत ड्रम्सचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. कानांचं संरक्षण नसेल तर त्या पातळीला दिवसाला १५ मिनिटं ही सुरक्षित मर्यादा मानतात. सेटवर बसताना इअरप्लग हवेतच.

ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांची ग्रेड परीक्षा द्यायचीच असेल तर पहिल्या ग्रेडपासून, तीही त्यानं स्वतः मागितली तर. ड्रम्सवर पोट भरेल का, हे सहा महिन्यांत कुणीच सांगू शकत नाही, दहावीनंतर विचारा. सध्या त्याला आवडणारं एखादं संथ गाणं त्यालाच निवडू द्या. तो वाजवत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.