अँझॅक डेच्या मॅचला पहिल्यांदाच जाताय?

२५ एप्रिल हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन. त्या दिवशी मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे दोन क्लब भिडतात: कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन. तासभर आधीच जाऊन बसा. बिगुल वाजतो आणि खचाखच भरलेलं मैदान चिडीचूप होतं, ते चुकवू नका. नियमांचं टेन्शन घेऊ नका: मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारलेला बॉल गेला की ६ गुण, शेजारच्या आखूड खांबाच्या आतून गेला तर १. ऑफसाइड नाहीच! खरी मजा 'मार्क'ची, म्हणजे लाथेने उडवलेल्या बॉलच्या हवेतल्या झेलाची. समोरच्याच्या खांद्यावर चढून झेल घेतात राव! गुणतक्त्यावरून मात्र अंदाज बांधू नका. १९९५ ची पहिलीच अँझॅक लढत १११-१११ अशी बरोबरीत सुटली होती. मी कॉलिंगवूडवाला, तेव्हा काळे-पांढरेच जिंकणार म्हणतोय. एसेंडनचा लाल-काळा स्कार्फ घालून माझ्या शेजारी बसू नका.