सोल्डरिंगनंतर बोर्ड कसा धुवावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नो-क्लीन फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे, नंतर न धुता चालणारे द्रव्य) वापरतो, तरी ग्राहकाला सर्किट बोर्ड चकचकीत हवा असतो म्हणून आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) ब्रश बुडवून तो पुसून घेतो. वाळल्यावर सांध्यांभोवती पांढरी पूड दिसते. आयपीए भेसळीचे असेल का?

उत्तर : आयपीएत पाणी जास्त असेल तरी असे डाग पडतात, पण आपल्या वर्णनावरून हा अर्धवट धुलाईचा परिणाम वाटतो. नो-क्लीन फ्लक्समध्ये ॲडिपिक किंवा ग्लुटारिक आम्लासारखी सौम्य सेंद्रिय आम्ले असतात. सोल्डरिंगच्या उष्णतेने त्यांचा बराच भाग निघून जातो आणि उरलेला फ्लक्समधील रेझिनच्या (राळेसारख्या पदार्थाच्या) कडक थरात अडकून पडतो, म्हणूनच तो थर बोर्डावर तसाच ठेवता येतो. आयपीए हे रेझिन विरघळवते, पण आम्लांचे धातूंबरोबर झालेले क्षार त्यात नीट विरघळत नाहीत. परिणामी झाकण निघते आणि झाकलेले उघडे पडते. त्यातच तोच ब्रश आणि तेच मळके द्रावण पुढच्या बोर्डावर वापरले की हा मळ आयसीच्या पिनांखाली सरकतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत असा बोर्ड चालू राहिला, तर शेजारच्या पिनांमधील व्होल्टेजमुळे आयन (विद्युतभारित कण) हलू लागतात, गळती प्रवाह वाढतो आणि कधीकधी धातूचे बारीक तंतू वाढून शॉर्ट होतो. तेव्हा एक तर बोर्डावर उरलेल्या या फ्लक्सला हात लावू नये, नाहीतर त्याच्या उत्पादकाने सुचवलेल्या क्लीनरने पूर्ण धुऊन, डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने खळबळून बोर्ड वाळवावा. ग्राहकाला हे समजावून सांगणे धुलाईपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : क्यूएफएनच्या (बाहेर पिना नसलेल्या, बोर्डाला चिकटून बसणाऱ्या आयसीच्या) खालचा फ्लक्स निघत नाही. पाण्यावर आधारित धुलाई चालेल का?

उत्तर : चालेल, पण नुसत्या पाण्याने काम होणार नाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर आयपीएचा त्याच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी असतो, आणि क्यूएफएनखालची फट बऱ्याचदा १०० मायक्रॉनपेक्षा कमी असते. म्हणून पाण्यात पृष्ठताण उतरवणारी द्रव्ये आणि रेझिनमधील आम्लांचा साबण करणारा अल्कलीयुक्त सॅपोनिफायर घालून ते मिश्रण गरम फवाऱ्याने मारतात. माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण फटीत शिरलेले हे मिश्रण साध्या डीआय पाण्याला पुन्हा बाहेर काढावे लागते आणि ते आत राहिले तर मूळ फ्लक्सपेक्षा अधिक त्रास देते. शेवटच्या टाकीतील पाण्याची विद्युतवाहकता रोज मोजावी आणि ती चढू लागली की पाणी बदलावे. बोर्डावर उघडे ॲल्युमिनियम असेल तर अल्कलीने ते काळवंडते, म्हणून एका नमुन्यावर आधी चाचणी घ्यावी.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक टाकी घ्यावी का?

उत्तर : स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावण्याचा छिद्रांचा पत्रा) धुण्यासाठी जरूर घ्यावी. भाग जोडलेल्या बोर्डासाठी मात्र सावध राहावे, कारण अशा टाक्या साधारणतः ४० किलोहर्ट्झच्या असतात आणि त्या कंपनांनी क्वार्ट्झ क्रिस्टल किंवा पॅकेजमधील बारीक तारांचे जोड दुखावू शकतात. मेम्स मायक्रोफोन (चिपवरचा अतिसूक्ष्म मायक्रोफोन) तर अशा टाकीत घालूच नये.

प्रश्न : पूर्वीचे फ्रिऑनसारखे द्रावण सर्वांत सोयीचे होते असे जुने कारागीर म्हणतात.

उत्तर : सोयीचे होतेच, ते म्हणजे सीएफसी-११३ पेट घेत नसे आणि लगेच वाळत असे. परंतु ते ओझोनचा थर विरवते, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. आयपीए पेट घेते आणि त्याचा ज्वलनबिंदू सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडच्या दुकानात बाराही महिने त्याची वाफ पेटू शकते.

प्रश्न : बोर्डावर उरलेले आयन मोजण्याच्या चाचणीत चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आयन आले की बोर्ड स्वच्छ समजावा का?

उत्तर : नाही. सममूल्य मिठाच्या प्रमाणात मांडलेली ही मर्यादा रोझिन (राळयुक्त) फ्लक्सच्या आणि मोठ्या सुट्या भागांच्या काळातली आहे, आणि सोल्डरिंगच्या जे-एसटीडी-००१ मानकाच्या २०१८ मधील दुरुस्तीने तिला सरसकट निकष मानणे सोडून दिले. ही चाचणी संपूर्ण बोर्डाची सरासरी सांगते, तर एका क्यूएफएनखाली साचलेला मळ त्या सरासरीत दडून जातो. रोजच्या उत्पादनात काही बदलले का, हे पाहण्यापुरती ती वापरावी. धुलाईची पद्धत ठरवताना मात्र नमुना बोर्ड दमट उष्णतेत व्होल्टेज देऊन ठेवावा आणि त्याचा पृष्ठभागीय विद्युतरोध मोजावा.